खडकवासल्याच्या काठावरून सिंहगडाच्या माथ्यापर्यंत: नव्याने पळणाऱ्यांसाठी

पुण्यात पळायला लागून दोन-तीन महिने झाले की कुणीतरी म्हणतंच, "रविवारी सिंहगडला ये." नवा माणूस हौसेने जातो, पहिल्याच दिवशी पायथ्याच्या आतकरवाडीतून चढणाऱ्या खड्या वाटेला भिडतो, निम्म्यात छाती भरून येते, उतरताना गुडघे कुरकुरतात आणि पुढचे चार दिवस घराचा जिना कठडा धरून उतरावा लागतो. काही जण त्यानंतर डोंगराचं नाव काढत नाहीत. वाईट वाटतं, कारण शहरापासून तासाभरात धरणाचं पाणी, वळणावळणाचा घाट आणि तेराशे मीटर उंचीचा गड असं सगळं एकाच खोऱ्यात मिळणं फार कमी गावांच्या नशिबात असतं.

या खोऱ्यात पळायला शिकायचं असेल तर आधी पाणी, मग घाट आणि सगळ्यात शेवटी पायवाट, हा क्रम धरा. खाली वाटा त्याच क्रमाने दिल्या आहेत. किलोमीटर मोजण्यापेक्षा वेळ मोजा, असं मी सुरुवातीलाच सांगेन. सपाट रस्त्यावरचे पाच किलोमीटर आणि चढणीचे पाच किलोमीटर यांत फक्त आकडा सारखा असतो. मैदानावर अर्ध्या तासात जेवढं अंतर होतं तेवढ्याला इथे पन्नास मिनिटं लागली तरी शरीराने काम तेवढंच केलेलं असतं, कधीकधी जास्तच.

आधी खोरं समजून घ्या

मुठा नदीवरचं खडकवासला धरण १८७९ मध्ये पुरं झालं. इंग्रजी अमलात या जलाशयाला अभियंता फाइफ यांच्या नावावरून 'लेक फाइफ' म्हणत. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुणं बुडालं. आज दिसणाऱ्या भिंतीचा फुटलेला भाग त्यानंतर पुन्हा बांधलेला आहे. धरणाची साठवण १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे वरच्या पानशेत (१०.६५) आणि वरसगाव (१२.८२) यांच्यापुढे अगदीच लहान. त्यामुळे पाण्याची पातळी चटकन वर-खाली होते. पावसाळ्यात पाणी काठोकाठ असतं, तर मे महिन्यात काठाला गाळाची रुंद पट्टी उघडी पडते.

पळणाऱ्याला याचा संबंध असा, की उन्हाळ्यात ती उघडी जमीन पळायला मोकळी आणि मऊ वाटते. तिच्यावर जाऊ नका. वरून तडे गेलेला कोरडा पापुद्रा दिसतो आणि खाली ओला गाळ असतो. पाय घोट्यापर्यंत रुतला तर बूट निघेल, गुडघ्यापर्यंत रुतला तर माणूस अडकेल. पाण्यात उतरण्याचा मोह तर पूर्ण टाळा. दमलेल्या अंगाने, गाळाच्या तळावर, कपड्या-बुटांनिशी पाण्यात उतरून या धरणात पोहता येणारी माणसंसुद्धा बुडाली आहेत. शिवाय हे सगळ्या शहराचं पिण्याचं पाणी आहे.

दक्षिण काठाने सिंहगड-पानशेत रस्ता जातो. उत्तर काठाचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा आहे. तिथे जाता येत नाही आणि कुंपणाजवळ फोटो काढत थांबूही नये. धरणाची भिंतही फिरायला खुली नाही. त्यामुळे पाण्याला पूर्ण प्रदक्षिणा घालण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या. सगळं पळणं जाऊन-येऊन करायचं आहे.

पहिला टप्पा: धरण ते डोणजे फाटा

गाडी धरणाच्या अलीकडे, रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा. धरणाकाठच्या चौपाटीवर दुकानं मांडणारे लोक सकाळी लवकर येतात, त्यांच्या जागा अडवू नका. इथून पश्चिमेला निघालं की उजव्या हाताला पाणी आणि डाव्या हाताला गिरीनगरचा परिसर लागतो. पुढे गोऱ्हे बुद्रुक आणि मग डोणजे फाटा. रस्ता सपाट म्हणावा असा नाही, हलके चढउतार सतत आहेत. शिकायला ते फार चांगले. चढण कधी सुरू झाली हे डोळ्यांना कळायच्या आत पायांना कळायला लागतं.

पहिले तीन-चार आठवडे फाट्यापर्यंत पोचायचं मनावर घेऊ नका. वीस मिनिटं जा, वळा आणि परत या. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवा. एकेक शब्द तोडून बोलावं लागतंय असं झालं की वेग कमी करा. आणि चढणीला सरळ चाला. रस्त्यावर पळणाऱ्यांच्या मनात चालण्याची एक लाज असते, ती इथे पहिल्याच दिवशी सोडून द्यावी. डोंगरात शंभर शंभर किलोमीटर पळणारी मंडळीही मोठ्या चढणी चालतच चढतात, कारण त्या चढावर पळण्यात आणि झपझप चालण्यात वेळेचा फरक थोडाच असतो आणि दमण्यात मात्र खूप पडतो.

या रस्त्याची एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात, म्हणून पळणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळावं. जाताना आपण पश्चिमेला तोंड करून पाण्याच्या बाजूने पळत असतो. समोरून पुण्याकडे येणारा चालक मात्र पूर्वेला, थेट उगवत्या सूर्याकडे बघत असतो. सूर्य वर आल्यानंतरचा पहिला तासभर त्याला आपण नीट दिसतच नाही. त्यामुळे जायचा टप्पा सूर्य वर यायच्या आत संपवता आला तर उत्तम. जानेवारीत इथे सूर्योदय सातनंतर होतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. त्या हिशेबाने घरून निघा. अंधारात निघणार असाल तर कपाळावर बांधायचा दिवा आणि चमकणारी पट्टी असलेलं जाकीट हवंच. काळा टी-शर्ट घालून या रस्त्यावर पहाटे पळू नका. परतताना ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून टोपी बरोबर ठेवा.

रविवारचं म्हणाल तर आठच्या आत आपलं आटपून घ्या. त्यानंतर सिंहगडाकडे आणि पानशेतकडे गाड्यांची रीघ लागते, चौपाटीपाशी कोंडी होते आणि कडेला पळायला जागाच उरत नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर हा रस्ता पळण्यासाठी विसरूनच जा. मधल्या वारी सुट्टी मिळत असेल तर तीच वेळ साधा.

दुसरा टप्पा: पानशेत रस्ता

डोणजे फाट्याला डावीकडचा रस्ता गोळेवाडीला, म्हणजे गडाच्या घाटाला जातो. सरळ गेलात तर खानापूर, मालखेड आणि पुढे पानशेत. पाण्याकाठी चाळीस-पन्नास मिनिटं सहज व्हायला लागली की लांब पळण्यासाठी हा सरळ रस्ता धरा. फाट्यावर गडाची गर्दी वळून जाते आणि पुढे रस्ता बराच मोकळा होतो. भातखाचरं, मधूनच दिसणारं पाणी, डावीकडे गडाचा अख्खा पहाड आणि त्यावरचे दूरदर्शनचे मनोरे. ते मनोरे दिशा ओळखायलाही उपयोगी पडतात, खोऱ्यात जवळपास कुठूनही दिसतात.

लांब पळणं आठवड्यातून एकदाच, आणि दर वेळी पाच-दहा मिनिटांनीच वाढवा. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करा. तासाच्या वर पळणार असाल तर पाणी बरोबर हवं. खानापूरपर्यंत चहा-पाण्याची सोय असते, पण भल्या पहाटे सगळंच बंद असतं. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसऱ्या बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी, एवढं पुरतं. खिशात खजूर किंवा राजगिऱ्याची वडी ठेवा. पळताना खायच्या महागड्या एनर्जी जेलच्या पुड्या नव्या माणसाला लागत नाहीत आणि त्यांची रिकामी पाकिटं भाताच्या बांधावर पडलेली बघून जीव जळतो.

कुत्र्यांबद्दल नवे लोक हमखास विचारतात. वाड्या-वस्त्यांवरची कुत्री राखणीची असतात आणि पहाटे पळत येणारा अनोळखी माणूस म्हणजे त्यांच्या दृष्टीने चोरच. कुत्रं भुंकत अंगावर आलं तर पळू नका. थांबा, त्याच्या डोळ्यांत न बघता सावकाश चालत पुढे जा, आणि घराच्या अंगणात कुणी दिसलं तर हाक मारा, "मावशी, कुत्र्याला बोलवा हो जरा!" एका हाकेत काम होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तेच कुत्रं मान वर करून बघतं आणि पुन्हा झोपतं. तरीही चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. 'साधं ओरखडलंय' म्हणून घरी बसू नका.

पलीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या अंगालाही एक सुंदर रस्ता आहे. उत्तमनगर, कोपरे गावावरून कुडजे, मांडवी असं करत तो सांगरुणच्या बाजूला जातो. सांगरुणपाशी मोसी, आंबी आणि मुठा यांचा संगम आहे. आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर, म्हणजे तिन्ही धरणांचं पाणी इथून खडकवासल्यात येतं. शहराकडच्या टोकाला वर्दळ बरीच आहे, म्हणून गाडी कुडज्याच्या पुढे नेऊन तिथून पळायला सुरुवात करावी. गर्दीचा त्रास होणाऱ्यांना मी हाच रस्ता सुचवतो. दुकानं कमी आणि मोबाइलची रेंज बेभरवशाची, म्हणून एकट्याने जाऊ नका आणि कुठे जाताय, किती वाजता परतणार हे घरी सांगून निघा. बायकांनी तर या बाजूला गटानेच जावं असं मी म्हणेन. धीटपणा असतोच, पण मुरगळलेल्या पायाने तास-दीड तास मदतीची वाट बघायची वेळ आली तर बरोबर कुणीतरी हवं.

तिसरा टप्पा: घाटरस्ता

सपाटीवर दीड तास न थांबता हालचाल जमायला लागली की घाटाकडे वळा. गोळेवाडीला वनखात्याचा नाका आहे, वाहन वर न्यायचं तर तिथे शुल्क भरावं लागतं. तिथून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर वळणावळणाचा डांबरी रस्ता आहे आणि त्यात सुमारे सहाशे मीटर चढाई होते. वाटेत कोंढणपूरला जाणारा फाटा फुटतो. पहिल्या वेळी त्या फाट्याच्या अलीकडेच वळा. वरपर्यंत जायची घाई नको.

घाट चढायचं तंत्र सोपं आहे, पाळणं अवघड. पावलं लहान टाका आणि नजर पाच-सहा पावलांपुढे ठेवा. वर वळणाकडे बघत राहिलात की मान आखडते आणि मन आधी थकतं. कंबरेत वाकू नका, घोट्यापासून किंचित पुढे झुका. चार मिनिटं पळा आणि एक मिनिट चाला, असा ठेका अगदी खालपासून धरा. दम लागल्यावर चालायचं असं ठरवलंत तर उशीर झालेला असतो, कारण तोपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात. हातावरचं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवत असेल तर तेवढंच बघा, वेगाचा आकडा झाकून ठेवा.

घाटातला धोका वळणांचा. उजव्या कडेने पळताना रस्ता उजवीकडे वळतो तेव्हा आपण वळणाच्या आतल्या अंगाला, दरडीला चिकटून असतो. समोरून उतरणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत आपल्याला दिसत नाही आणि तिलाही आपण दिसत नाही. अशा आंधळ्या वळणाच्या वीस-पंचवीस पावलं आधीच मागे-पुढे बघून बाहेरच्या कडेला जा आणि वळण संपलं की परत या. कानात काही घालू नका. घाटात आधी गाडीचा आवाज येतो, गाडी नंतर.

उतरताना खरी परीक्षा. चढणीत फुप्फुसांचं काम असतं, उतारात मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. प्रत्येक पावलाला ते स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात. पाऊल लांब टाकलंत की टाच आधी आपटते आणि धक्का सरळ गुडघ्यात जातो. पावलं लहान आणि भराभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा आणि अंग मागे टाकू नका. पहिल्या महिन्यात घाटउताराचा निम्मा भाग चालतच उतरा. दर आठवड्याला थोडा थोडा पळण्याचा भाग वाढवलात की मांड्यांना सवय होते. ही सवय घाईने लागत नाही, पण एकदा लागली की पुढच्या सगळ्या डोंगरांना पुरते.

पावसाळ्यात दरडी कोसळण्याच्या भीतीने हा घाट अधूनमधून बंद ठेवतात. नाक्यावर बंद आहे म्हणाले तर वाद घालू नका, परत वळून पाण्याकाठी पळा.

चौथा टप्पा: आतकरवाडीची पायवाट

आता गड. माथा १३१२ मीटरवर. पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत वाट जेमतेम अडीच-पावणेतीन किलोमीटरची, पण चढाई घाटाएवढीच, सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे जे घाट नऊ किलोमीटरमध्ये चढवतो ते पायवाट तिसऱ्या हिश्श्यात चढवते. ही वाट पळत चढण्याची नाही, हे नव्या माणसाने मनाशी पक्कं करावं. दर आठवड्याला येणारे जुने-जाणते लोक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत वर जातात आणि त्यातले बरेचसे चालतच जातात. तुम्हाला पहिल्या वेळी सव्वा तास लागला तरी काही बिघडत नाही.

चढताना उंच पायरीवर हात मांडीवर दाबून वर उठा, त्याने पायांवरचा भार कमी होतो. अख्खं पाऊल टेकवा, चवड्यांवर चढलात तर पोटऱ्यांत गोळे येतात. मळलेली वाट सोडून मधल्या घसरणीने वर जाऊ नका. तसे शॉर्टकट पडत गेले की पावसाचं पाणी त्यातूनच वाहतं, माती धुपते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे ओहोळ तयार होतो. वाटेवर झोपड्यांतून लिंबू सरबत, ताक, काकडी मिळते. तिथल्या मावशी धापा टाकणाऱ्याला हमखास म्हणतात, "बसा की जरा, गड कुठं पळून चाललाय?" त्यांचं ऐकावं, पाच मिनिटं बसावं, ताक प्यावं.

डोक्यावर सामान घेऊन चढणारी माणसं दिसली की बाजूला व्हा, तुम्ही कितीही लयीत असलात तरी. दह्याची मडकी, दूध, सरपण घेऊन ती रोज ही वाट चढतात. वाटेवर पहिला हक्क त्यांचा. उतरताना चढणाऱ्या प्रत्येकालाच आधी जाऊ द्यायचं, हा डोंगरातला सर्वसाधारण रिवाज आहे.

या वाटेवरचा उतार जरा जवळून सांगतो, कारण पाय मुरगळतात ते इथेच. खडकाच्या सपाट, गुळगुळीत तुकड्यावर मुरमाचा बारीक थर पसरलेला असतो. बघायला ती जागा वाटेवरची सगळ्यात सोपी वाटते, म्हणून माणूस तिथेच पाऊल मोकळं सोडतो आणि बारीक खडे पायाखालून गोल गोल फिरून तो धाडकन बसतो. त्यापेक्षा ओबडधोबड दगडांवर पाय जास्त ठाम राहतो. तेव्हा गुळगुळीत दिसेल तिथे सावध आणि खडबडीत दिसेल तिथे निर्धास्त, असा उलटा नियम डोक्यात ठेवा. हात अंगाला चिकटवू नका, पसरट ठेवा, तोल सावरायला तेच कामी येतात. पावसात हाच दगड शेवाळाने बुळबुळीत होतो. तेव्हा उतरताना पळायचंच नाही, कुणी शेजारून धावत गेलं तरी नाही.

नव्या माणसासाठी माझी आवडती जोडणी अशी: पायवाटेने चढा, वर पोटभर श्वास घ्या आणि घाटरस्त्याने हलके पळत गोळेवाडीला उतरा. आतकरवाडी आणि गोळेवाडी एकमेकांपासून लांब नाहीत, त्यामुळे गाडीपर्यंत परतणं अवघड पडत नाही. गुडघ्यांना खडी वाट उतरावी लागत नाही आणि घाटात उताराचा सरावही होतो. पण हे मधल्या वारी किंवा रविवारी अगदी पहाटे, घाटात गाड्या सुरू व्हायच्या आत.

वर पोचल्यावर दरवाजाच्या आत पळणं थांबवा. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री इथे पडले, त्यांचं स्मारक आहे. छत्रपती राजाराम महाराजांची समाधी आहे. माणसं तिथे माथा टेकायला आलेली असतात. चालत फिरा, देवटाकं या पाण्याच्या टाक्याकडे जा, जमलं तर कल्याण दरवाजापर्यंत जाऊन या. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर मारून जाऊ नका आणि आरडाओरडा, धूर टाळा. मग पिठलं-भाकरी, खेकडा भजी आणि मटक्यातलं दही. उतरायचं बाकी असेल तर भजी एकच प्लेट. भरल्या पोटी उतारावर पळणं पोटाला झेपत नाही.

बूट, कपडे, ऋतू

पाण्याकाठी आणि घाटात नेहमीचे रस्त्यावरचे बूट चालतात. पायवाटेसाठी तळाला खोल नक्षी असलेले ट्रेलचे बूट घ्या. उतारात बोटं पुढे सरकतात, म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाऊल थोडं फुगलेलं असतं. मोजे सुती नकोत, घामाने भिजून फोड येतात.

ऋतूंमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा राजा. सकाळी धरणावर धुकं असतं आणि बोटं गारठतात, पण पंधरा मिनिटांत अंग तापतं. मार्चनंतर डोंगर पिवळा पडतो, वणव्यांचे दिवस सुरू होतात. कुठे धूर दिसला तर वर जाऊ नका, आणि वाळल्या गवतात विडी-सिगारेट टाकणारा दिसला तर त्याला तिथल्या तिथे टोका. एप्रिल-मेमध्ये साडेसातच्या आत घरी निघता येईल असाच बेत ठेवा. याच महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग भरून येतात. गडावर वीज कडाडायला लागली तर बुरुजावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, सरळ खाली उतरायला लागा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला वारा पश्चिमेकडून जोरात असतो. पाण्याकाठी जाताना तो छातीवर येतो आणि परतताना पाठीवर. म्हणून जाताना वेळ जास्त लागला तरी घाबरू नका, येताना तो थोडाफार भरून निघतो. ओल्या कपड्यांत थांबून राहिलात तर थंडी भरते, गाडीत कोरडा टी-शर्ट आणि पंचा ठेवा. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरला की गवत कमरेएवढं, उतारांवर रानफुलं आणि हवा धुतलेली. पळण्याचे वर्षातले सगळ्यात देखणे दिवस हेच. कारवी फुलण्याचं वर्ष असेल तर मग विचारूच नका, तशी फुलणी सात वर्षांतून एकदाच येते.

किती दिवसांत काय

पाण्याकाठी सहा आठवडे, पानशेत रस्त्यावर पुढचे सहा, मग घाट, आणि सुरुवात केल्यापासून पाच-सहा महिन्यांनी पायवाट. आधीपासून चालण्याची किंवा शेतात राबण्याची सवय असलेल्यांना कमी वेळ लागेल, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना थोडा जास्त. आठवड्यातून तीन दिवस पळणं आणि दोन दिवस पायांचे व्यायाम, बैठका, एका पायावर तोल सांभाळणं, टाचा उचलणं, एवढं धरा. खोऱ्यात रोज यायची गरज नाही. मधल्या दिवशी घराजवळची टेकडी पुरते: पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, जी जवळ असेल ती. डायबेटीस, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच पळायला घेत असाल, तर चढणीला हात घालण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा आणि बरोबरच्यांना हाक मारा.

गाडी नसलेल्यांसाठी स्वारगेटहून सिंहगड पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे. पहाटेची वेळ गाठता येत नाही, पण मधल्या वारी बसने जाऊन साडेसात-आठला पायवाट चढायला सुरुवात केली तरी हिवाळ्यात काही त्रास होत नाही. परतीच्या बसला गर्दी असते, सुटे पैसे जवळ ठेवा.

पायवाट अंगवळणी पडली की पुढची दारं आपोआप दिसायला लागतात. कात्रजपासून सिंहगडापर्यंतची डोंगररांग आहे, जी लोक चांदण्या रात्री चालतात. सिंहगड, राजगड, तोरणा या गडांना जोडणारी एसआरटी नावाची डोंगरी शर्यत हिवाळ्यात होते, तिच्यात ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंतचे टप्पे असतात. पहिल्या वर्षी ११ चाच टप्पा घ्या. नाव नोंदवण्याआधी महिनाभर, उतारावर न थांबता वीस मिनिटं पळून दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता येतोय का, ते बघा. येत असेल तर खुशाल नोंदवा.